विसावी रेघ

विरजण मागायला दारात आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं, हे शिवकांता हालगेला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. मोजून द्यायचं नाही, कुणाला दिलं ते ध्यानात ठेवायचं नाही, परत मागायचं नाही आणि दिवेलागणीनंतर तेवढं द्यायचं नाही. बास. एवढ्या चार नियमांवर धामणबोरीतली आणि आसपासच्या गावांतली दह्याची भांडी पिढ्यान्‌पिढ्या चालू होती, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दोन हजार बेचाळीस साली. आणि ते विरजण दह्याचं नव्हतं.

धामणबोरीत चाळीस बायकांनी मिळून पशुखाद्याचा कारखाना चालवला होता. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांबलचक शेड, भरडायची चक्की, स्टीलच्या तीन टाक्या आणि वाळवणाचे ओटे. शिवारातलं सोयाबीन शेडच्या एका दाराने आत यायचं आणि दुसऱ्या दाराने पेंड होऊन गोठ्यांत जायचं. बाहेरून येणारी मासळीची भुकटी केव्हाच बंद झाली होती आणि धुरामुळे भट्ट्यांवर बंधनं आली होती. सोयाबीन भाजायचं कशावर, हाच मुळात प्रश्न होता. तो सोडवला डॉ. मृण्मयी वर्टीकर नावाच्या एका पोरसवदा बाईने. ती संशोधन केंद्रातून आली तेव्हा शिवकांताला वाटलं, ही काय आपल्याला गाईचं शिकवणार. पण पोरगी हुशार होती आणि समजेल असं बोलायची.

"शिवकांताताई, आपल्याला कुणी खावं असं सोयाबीनच्या दाण्याला वाटत नाही," ती म्हणाली होती. "म्हणून त्याने आत दोन राखणदार बसवलेत. पहिला प्रथिनं पचू देत नाही. कच्चं सोयाबीन घातलं की कोंबड्या आणि लहान वासरं पोट भरूनही खंगतात, ती त्याच्यामुळे. मोठ्या गाईला त्याचं फारसं काही वाटत नाही. दुसरा राखणदार म्हणजे युरिएज. तो एरवी गरीब असतो. पण त्याला युरिया भेटला, की बघता बघता त्याचा अमोनिया करतो. भाजलं की दोघंही मरतात. आता न भाजता मारायचे."

त्यासाठी तिने एक जिवाणू आणला होता. काचेच्या बोटभर कुपीत. भरडलेलं सोयाबीन ओलं करायचं, कुपी त्यात सोडायची, अठरा तास झाकून ठेवायचं. जिवाणू दोन्ही राखणदारांना खाऊन टाकायचा. ना जाळ, ना धूर. लोक तिला थंड पेंड म्हणायला लागले. आणि एका घाण्यातलं तांब्याभर बाजूला काढून ठेवलं की पुढच्या घाण्याला तेच चालायचं.

"म्हणजे विरजणच की," शिवकांता म्हणाली होती.

"विरजणच. फक्त दोन अटी. वीस घाणे झाले की सगळं उकळून फेकायचं आणि माझ्याकडून नवी कुपी घ्यायची. आणि शेडच्या बाहेर चमचाभरसुद्धा जाता कामा नये."

वीसच का, ते तिने सांगितलं होतं. त्या टाकीत काम करणारे जिवाणू असतात आणि आयते खाणारेही निपजतात. राखणदार फोडायला ताकद लागते. जो ते काम सोडून देतो, त्याची ताकद वाचते आणि त्याची पिलावळ जास्त होते. विसाव्या घाण्यापर्यंत असे थोडे असतात. पुढे त्यांचंच राज्य होतं.

"म्हणजे आपल्या गटासारखंच," अध्यक्षीण गंगासागरबाई म्हणाल्या, आणि चाळीसजणी खो खो हसल्या.

विरजण सांभाळायचं काम शिवकांताकडे आलं आणि तिने शेडच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. घाण्याला एक रेघ. विसावी झाली की भिंत पुसायची, विरजण उकळायचं. दर पाचव्या घाण्याला मृण्मयीने दिलेल्या रंगाने पेंडीची परीक्षा घ्यायची. वाटीत पेंड, चिमूटभर युरिया आणि दोन थेंब रंग. पिवळं राहिलं तर पेंड चांगली. लाल झालं तर युरिएज जिवंत. चार वर्षं ती वाटी पिवळीच राहिली.

मागच्या वर्षी, भिंतीवर विसावी रेघ ओढली त्याच दिवशी, धाकटी बहीण महानंदा कारेवाडीहून स्टीलचा डबा घेऊन आली. तिच्या गोठ्यात आठ लाल कंधारी गाई होत्या. तिच्या लग्नात शिवकांताने एक कालवड दिली होती, तिच्यापासून वाढत गेलेला तो गोठा. नवऱ्याच्या माघारी महानंदा त्याच गाईंवर उभी राहिली होती, आणि तालुक्याच्या प्रदर्शनात तिची तांबू पहिली आली तेव्हा शिवकांताच जास्त मिरवली होती.

"आक्का, सोयाबीन घरचंच हाय. पोती कशाला नेऊ? इरजण दे की थोडं. घरीच करते."

शिवकांता म्हणू शकली असती, नाही. तिने टाकीकडे पाहिलं. ते तसंही तासाभरात उकळून गटारात जाणार होतं. जितंजागतं विरजण फेकणं दर वेळी तिच्या जिवावर यायचं. तिने डबा भरून दिला.

"वीस झाले की फेक बरं का," ती म्हणाली.

महानंदाने घरी जाऊन गोठ्याच्या भिंतीवर पहिली रेघ ओढली. आपल्या घरी आलं तो पहिला दिवस, असंच कुणीही मोजेल. तिच्याकडून शेजारणीने नेलं, तिनेही पहिली रेघ ओढली. शेजारणीच्या भावजयीने नेलं. मग तिच्या माहेरच्या गावाला गेलं. प्रत्येकीच्या भिंतीवर एकपासून सुरुवात, प्रत्येकीची विसाची शिस्त कडक, आणि फेकायच्या दिवशी दारात कुणीतरी डबा घेऊन उभं असायचंच. आपलं संपलं की दुसरीकडून आणायचं. असं ते फिरत राहिलं, आणि त्याचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी मोजलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी मोजलं होतं.

यंदा कार्तिक संपता संपता शेडमधल्या टाकीची ऊब सांभाळणारं यंत्र बिघडलं आणि विरजण आतल्या आत शिजून मेलं. नवी कुपी यायला महिना लागेल असं केंद्रातून सांगितलं. चाऱ्याचा हंगाम तोंडावर. शिवकांताने काय करावं? घरचं दही बिघडल्यावर जे करतो तेच तिने केलं. स्कूटीवर बसली, सात किलोमीटरवर कारेवाडीला गेली आणि महानंदाकडून तांब्याभर विरजण घेऊन आली. भिंत पुसली. पहिली रेघ ओढली. पाचव्या घाण्याला वाटी पिवळी राहिली. दहाव्याला किंचित केशरी झाली. रंग जुना झाला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली आणि ते तिला पटलंही.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता तिने पंधराव्या घाण्याची वाटी धरली. रंगाचे दोन थेंब टाकले. ढवळायच्या आधीच वाटी लालभडक झाली.

तिने दुसरी वाटी घेतली. लाल. चौदाव्या घाण्याची उरलेली मूठभर पेंड होती, तीही करून पाहिली. तीही लाल. चौदाव्या घाण्याची पोती सकाळीच चार गावांना गेली होती.

गंगासागरबाईंनी तिन्ही वाट्या पाहिल्या आणि ओट्यावर बसल्या. "पोती थांबव. लगोलग."

"पोती थांबवते. पण ह्याचं मूळ इरजणात हाय, बाई. ते मी महानंदाकडून आणलंय. तिचं आणखी किती घरांत गेलंय, देवाला ठाऊक. त्या सगळ्यांना सांगाया पायजे."

"काय सांगशील? की केंद्राशी केलेला करार मोडून तू इरजण बाहेर दिलंस? उद्या येऊन शेडला सील ठोकतील. चाळीस बायका काय करतील गं?" त्यांचा आवाज खाली आला. "आधी पोत्यांचं बघ. घरच्यांचं दोन दिवसांनी, गुपचूप, एकेकीला भेटून सांगू. इतके दिवस जनावरं तेच खालालेत ना? काय झालं त्यांना?"

खरंच काही झालं नव्हतं. शिवकांताला तेवढा आधार पुरला. माणसाला पाहिजे तो आधार बरोबर सापडतो. तिने गिऱ्हाइकांच्या फोनवरल्या गटावर निरोप टाकला: चौदाव्या घाण्याची पोती जनावरांना घालू नका. बदलून देऊ. मिनिटाभरात उत्तरं यायला लागली. महानंदाने अंगठा पाठवला होता. तो पाहून शिवकांताचा जीव भांड्यात पडला, आणि परत येणारी पोती ठेवायला ती जागा करू लागली. त्यात पाऊण तास गेला.

मग मृण्मयीचा फोन आला. शिवकांताने पाठवलेला वाट्यांचा फोटो तिने पाहिला होता.

"ताई, विरजण शेडबाहेर गेलेलं नाही ना?"

"नाही," शिवकांता म्हणाली. जन्मभर जो शब्द तिला जमला नव्हता, तो नेमका आत्ता तोंडातून निघाला.

"मग ठीक. आणि ऐका, इतक्यात कुणी युरियाचं भुसकट तर उघडत नाहीय? नुसती ही पेंड गाई पचवतील. पण पेंडीत युरिएज आणि भुसकटात युरिया, दोन्ही एका पोटात गेले तर अर्ध्या तासात अमोनिया होतो. तो रक्तात चढतो. गाय उभ्या उभ्या पडते."

शिवकांताच्या हातातलं पोतं खाली घसरलं.

त्या भागातल्या बायका सोयाबीनच्या भुसकटावर युरियाचं पाणी शिंपडून, ते दाबून, ताडपत्रीखाली मुरवत ठेवायच्या. एकवीस दिवस मुरवायचं असतं. पण इथे रीत अशी, की वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जाऊन आंबील-भज्जी खाऊन आलं, की दुसऱ्या दिवशी ढीग उघडायचा. जनावरांचाही सण झाला पाहिजे ना. यंदा पाऊस लांबला होता, रास उशिरा झाली होती, ढीग लावून जेमतेम बारा दिवस झाले होते. त्यात ही थंडी. युरिया अर्धासुद्धा मुरला नसणार. आणि काल शेतात पंगतीत शेजारी बसून महानंदा म्हणाली होती, उद्या संध्याकाळच्या धारेला ढीग उघडते, आक्का.

"गेलंय," शिवकांता फोनवर ओरडली. "बाहेर गेलंय, बाळा! कितीतरी घरांत गेलंय! औषध सांग, पडल्यावर काय करायचं ते सांग!"

 मृण्मयी भराभर बोलू लागली. "आंबट आणि थंड. व्हिनेगर असेल तर व्हिनेगर, नसेल तर आंबट काहीही. आंबटाने अमोनिया बांधला जातो. आणि थंडगार पाणी, बादल्या भरभरून, म्हणजे युरिएज मंदावतो. डोकं वर उचलून पाजू नका, फुफ्फुसात जाईल. मी डॉक्टरांना पाठवते. ताई, हे तुम्ही मला आधी..."

शिवकांताने फोन कापला आणि महानंदाला लावला. वाजत राहिला. धार काढताना महानंदा फोन घरात ठेवायची, गाई बिचकतात म्हणून. सव्वाचार वाजले होते. स्कूटी तिने अशी पळवली की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एका हातात फोन धरून ती पुन्हापुन्हा तोच नंबर लावत होती. चांगदेवा, नारायणा, सिद्धरामेश्वरा, जो आठवेल त्या देवाला ती म्हणत होती, आज तिला आळस येऊ दे. आज तिला ढीग उघडायचा कंटाळा येऊ दे.

महानंदाला आयुष्यात कधी कंटाळा आला नव्हता.

कारेवाडीच्या वेशीतच तिला आवाज आला. जनावरांच्या कानात ताप मोजणारे बिल्ले असत; जनावराचं काही बिनसलं की मालकाच्या फोनवर बारीक शिट्टी वाजायची. एरवी महिन्यातून एखादी ऐकू यायची. आता घराघरांतून शिट्ट्या वाजत होत्या, एकीत एक मिसळून, आणि बायका गोठ्यांतून बाहेर पळत येत होत्या.

महानंदाच्या गोठ्यात तीन गाई आडव्या पडल्या होत्या. चौथीचे पाय लटपटत होते. तांबू उभी होती, पण तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि तोंडातून फेस येत होता. महानंदा तिच्या गळ्याला मिठी मारून तिला उभी धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. चारशे किलोची गाय आणि एवढीशी बाई.

"आंबट आण!" शिवकांता ओरडली. "आंबील हाय का कालची?"

आंबील होती. सणाची मोठी घागर, अर्धी भरलेली. दोघींनी बांबूच्या नळीने ती पाजायला सुरुवात केली. आंबील संपली तेव्हा चिंच कोळली, लिंबं पिळली. महानंदा घरात धावत गेली आणि दह्याचं मडकं घेऊन आली. ते दही त्यांच्या आईच्या हातचं होतं, म्हणजे आई गेली त्या दिवशी दोघी बहिणींनी वाटून घेतलेल्या विरजणाचं. महानंदाने ते एकदाही तुटू दिलं नव्हतं. तिने अख्खं मडकं तांबूच्या घशात रिकामं केलं. तळाला बोटभरही ठेवलं नाही. मग दोघींनी विहिरीचं पाणी ओतलं, बादलीमागून बादली, हात बधिर होईपर्यंत.

तांबू गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. तिचे पाय ताठ झाले, एकदा थरथरले आणि तिथेच थांबले.

महानंदा तिच्याजवळ मातीत बसली. रडली नाही. तिला कसलंतरी कोडं पडलं होतं.

"मी निरोप वाचला होता, आक्का," ती हळूच म्हणाली. "चौदावा घाणा घालू नका म्हणून. मी म्हटलं, बरं झालं, आपली घरची हाय. मी घरचीच घातली." तिने मान वर केली. "शेजारच्या तिघीचौघींकडं तुमची पोती होती. निरोप वाचून त्या माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, आजच्यापुरती तुझ्यातली पेंड दे. मी दिली. वाटीवाटीनं सगळ्यांना दिली. कशी नाही म्हणणार होते?"

 अर्धी गोष्ट सांगितली होती, आणि त्या अर्ध्या गोष्टीनेच हे केलं होतं. तिने निरोप पाठवलाच नसता, तर त्या तिघीचौघींच्या गोठ्यात चौदाव्या घाण्याने जे झालं असतं ते झालं असतं. पण महानंदा घरची पेंड निर्धास्तपणे घालायला बसली ती त्या निरोपाच्या जोरावर. आणि तो अंगठा पाहून आपण सुटकेचा श्वास सोडला होता.

ती उठली आणि पळत मारुतीच्या देवळाकडे गेली. तिथल्या भोंग्याचा माईक तिने हातात घेतला आणि हातचं न राखता बोलली. माझं नाव शिवकांता हालगे. धामणबोरीच्या शेडमधलं विरजण करार मोडून मी बाहेर दिलं. ज्या घरात ते असेल, कुणाकडूनही आलेलं असो, कितीही रेघा झालेल्या असोत, ती पेंड आणि युरियाचं भुसकट जनावरापुढून आत्ता ओढा. खाल्लं असेल तर आंबट पाजा, थंड पाणी पाजा. तिने ते पाच वेळा सांगितलं. कुणीतरी फोनवर टिपून पुढे पाठवलं, आणि गावागावांतल्या भोंग्यांवरून तिचाच आवाज फिरला. ज्या गावांत धार उशिरा काढतात, तिथली जनावरं वाचली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, एक तास आधी कळलं असतं तर कारेवाडीतलीही बहुतेक वाचली असती. ते बोलून गेले आणि आपल्या कामाला लागले. शिवकांता मात्र त्या एका तासाच्या हिशेबातून पुढे कधी बाहेर पडली नाही.

महानंदाच्या आठांतल्या दोन जगल्या.

शेडला सील लागलं. गंगासागरबाई शिवकांताच्या दारावरून जाताना मान वळवत. मृण्मयी आली, तिच्या केंद्राने तिलाही फैलावर घेतलं होतं, पण ती शिवकांतावर चिडली नाही. "चूक माझीही आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला घाणे मोजायला सांगितलं. वय मोजायला सांगायला हवं होतं." मग दोघी गावोगाव फिरल्या. बायका आपापली भांडी घेऊन येत, आणि दोघी चुलीवरच्या कढईत ते विरजण ओतून खळखळा उकळून मारत. कुणी शिव्या दिल्या. कुणी नुसतं भांडं पुढे केलं आणि घरात गेलं. ते जास्त लागायचं. महानंदाच्या दारात शिवकांता गेली तेव्हा भांडं उंबऱ्याबाहेर ठेवलेलं होतं आणि दार लावलेलं होतं.

असे चोवीस दिवस गेले. पंचविसाव्या दिवशी सकाळी शिवकांता अंगण झाडत होती. फाटक वाजलं. महानंदा उभी होती. वाळली होती. हातात एक रिकामी वाटी होती.

"त्या दिशी आईचं सगळं तांबूला पाजलं," ती म्हणाली. इकडेतिकडे बघत, शिवकांताकडे न बघता. "घरात दही लागंना झालंय. दुकानातलं आणून बघितलं. चव येईना."

शिवकांताने झाडू टाकून तिच्या हातातली वाटी घेतली. ती घरात गेली आणि मडक्यातलं दही चमच्याने काढलं. आईचंच दही. घट्ट, पांढरंशुभ्र. वाटी भरून ती बाहेर आली आणि बहिणीच्या हातात दिली. आता काहीतरी बोलेल, तिला वाटलं. शिवी देईल. निदान रडेल तरी.

महानंदाने वाटी नाकाशी नेली, वास घेतला. 

"आक्का," तिने विचारलं, "हे कितवं गं?"

शिवकांताने घराच्या भिंतीकडे पाहिलं; दह्याच्या रेघा तिथे कुणी कधी ओढल्याच नव्हत्या.  महानंदाने वाटी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि फाटक लावून घेऊन निघून गेली.